पाचवी बाटली

बुऱ्हाणपूरच्या त्या उच्च माध्यमिक शाळेच्या कपाटात एक फाइल आहे. तीत साडेतीन पाने आहेत. दीड पान रसायनशास्त्राचे शिक्षक भूपेंद्र सर यांचे निवेदन, एक पान चौकशीचा निष्कर्ष, आणि एक पान प्रयोगशाळेतील परिचर वैजयंती यांचा माफीनामा. चौदा वर्षांत ती फाइल कोणी उघडल्याची नोंद नाही. उघडली असती तरी जे महत्त्वाचे होते ते तीत सापडले नसते. ते वैजयंतीच्या घरी, धान्याच्या कोठीमागे, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले होते: अर्ध्या लिटरची एक काचेची बाटली, तिच्या बुचावरून आडवी चिकटवलेली कागदाची पट्टी आणि पट्टीवर सरांची सही.

वैजयंती मूळची नेपानगरची. तिचे वडील आत्माराम रावेरकडून कागद कारखान्यात आले आणि पाणी तपासणाऱ्या विभागात लागले. नदीचे पाणी, बॉयलरचे पाणी, बाहेर पडणारे पाणी यांच्या बाटल्या भरायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि सही घालायची, यात त्यांची एकतीस वर्षे गेली. घरी वरण खारट झाले, तरी ते स्वयंपाकघराला बोल लावण्याआधी माठातले पाणी चाखत. “आधी पाण्याला विचारावं,” ते म्हणत, “मग मिठाला नाव ठेवावं.” आई पार्वती यावर कपाळाला हात लावी, पण मुलीने ते मनात धरले. कोणतीही चाचणी घ्यायची तर ती आधी नुसत्या पाण्यावर घ्यायची आणि पाण्याने काही उत्तर दिले नाही, तरच पुढे जायचे, ही तिची सवय झाली. प्रयोगशाळेत अशा चाचणीला ‘कोरी चाचणी’ म्हणतात, हे तिला पुढे कळले.

लग्न होऊन ती बुऱ्हाणपूरला आली. नवरा निंबा यंत्रमागावर होता. बारावी विज्ञानाच्या बळावर तिला शाळेत परिचराची जागा मिळाली: परीक्षानळ्या धुणे, बाटल्या भरणे, शिक्षक मागतील ते हातात देणे. पहिल्याच वर्षी तिने टाकाऊ सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या, एक लाकडी फळी आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब जोडून एक उपकरण तयार केले. कांड्या द्रावणात बुडवायच्या आणि बल्बकडे पाहायचे. भूपेंद्र सरांना ते आवडले. इतके आवडले की पुढच्या वर्षापासून ते ‘सरांचे उपकरण’ झाले आणि त्याचा खेळ ही शाळेची ओळख झाली.

खेळ खरोखर चांगला होता. मिठाचा खडा पाण्यात पडला की सोडियम वेगळा होतो, क्लोराइड वेगळे; एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. हे सुटे झालेले भारित कण म्हणजे आयन. तेच वीज वाहून नेतात आणि बल्ब लख्ख पेटतो. व्हिनेगरमधल्या आम्लाचे तसे नाही. दोनशे कणांतला एखादाच फुटतो, बाकीचे आपले गप्प. त्यामुळे बल्बमधली तार नुसती तांबूस होते. साखर तर विरघळून दिसेनाशी होते, पण तिचा कण आतून अखंड राहतो. भार नाही, वीज नाही, बल्ब विझलेला. शेवटी ऊर्ध्वपातित, म्हणजे उकळून वाफ केलेले आणि ती वाफ निववून पुन्हा मिळवलेले, निव्वळ पाणी. त्यातही अंधार. या शेवटच्या चंचुपात्रापाशी सर थांबत, मुलांकडे पाहत आणि म्हणत, “शुद्ध चीज कधी शायनिंग मारत नाही.” मुले टाळ्या वाजवत.

गोम त्या शेवटच्या पाण्यातच होती. बुऱ्हाणपूरच्या जमिनीतले पाणी चुना आणि क्षार अंगावर घेऊनच वर येते. चहाच्या पातेल्यावर पांढरा थर बसतो, तो घासूनही निघत नाही. असे पाणी प्रयोगशाळेत चालत नाही, म्हणून कोपऱ्यात ऊर्ध्वपातनाचे यंत्र होते. डिसेंबर २०१० मध्ये त्याचे तापणारे वेटोळे जळाले. वैजयंतीने दुरुस्तीचा अर्ज लिहून सरांच्या टेबलावर ठेवला, जानेवारीत दुसरा ठेवला. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा पंधरा फेब्रुवारीला होती. चौदा तारखेच्या दुपारी सरांनी पाच बाटल्या तिच्या पुढ्यात सरकवल्या आणि बोअरच्या नळाच्या पाण्याने भरायला सांगितल्या.

ती म्हणाली की या पाण्यात क्लोराइड आहे, मुलांच्या चाचण्या खोट्या येतील; आपण आधी एक थेंब टाकून बघू.

“पाण्याची काय परीक्षा घ्यायची, वैजयंतीबाई?” सर हसून म्हणाले. “पाणी तो पाणी आहे.”

तिने बाटल्या भरल्या. ही गोष्ट तिने पुढे कधीही नाकारली नाही आणि स्वतःला माफही केली नाही. परीक्षेच्या नियमाप्रमाणे सरांनी प्रत्येक बुचावर पट्टी चिकटवली, तीवर सही केली आणि चिठ्ठ्यांवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले: ‘डिस्टिल्ड वॉटर. तपासले. १४ फेब्रुवारी २०११.’

दुसऱ्या दिवशी अडतीस मुले चार टेबलांभोवती उभी राहिली. प्रत्येकाला एक अनोळखी क्षार दिला होता. तो विरघळवून त्यातले आयन ओळखायचे. क्लोराइड ओळखायचे ते सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने. चांदीचे आयन आणि क्लोराइडचे आयन पाण्यात भेटले की सुटे राहत नाहीत. दह्याच्या साक्यासारखे पांढरे होऊन खाली बसतात. त्या दिवशी प्रत्येक नळीत साका बसला. मोरचुदात क्लोराइड, झिंक नायट्रेटमध्ये क्लोराइड, तुरटीतही क्लोराइड. खंडव्याहून आलेल्या परीक्षकांनी तासाभराने एका नळीत टेबलावरचे नुसते पाणी घेतले, थेंब टाकला आणि पांढऱ्या झालेल्या त्या नळीकडे बराच वेळ पाहिले. परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षेला दीड महिना लागला. तोवर काही मुलांची पुढची दारे बंद झाली होती.

सरांच्या निवेदनातील मुख्य वाक्ये अशी आहेत: ‘पाणी मी स्वतः तपासले व बाटल्या माझ्या सहीने बंद केल्या. परीक्षेच्या सकाळी पट्ट्या फोडून बाटल्या टेबलांवर ठेवण्याचे काम परिचराचे होते. त्या वेळी पाणी सांडल्यामुळे तिने बोअरचे भरले असावे.’ चौकशी म्हणजे त्या वेळच्या प्राचार्यांच्या खोलीतले एक दुपारचे बोलणे. निष्कर्ष लिहिताना त्यांनी ‘असावे’ गाळले. वैजयंतीने बोअरच्या पाण्याची खरी हकिगत सांगितली. ती निष्कर्षात नाही. तिची नोकरी तेव्हा कच्ची होती आणि निंबाचा कारखाना चार महिने बंद होता. सरांनी माफीनामा तोंडी सांगितला, तिने लिहिला: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अडतीस विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. मी आधी दिलेली माहिती खोटी होती. मी सर्वांची क्षमा मागते.’ तिने कागद पुढे केला. सरांनी तो वाचला आणि दोन बोटांनी परत सरकवला.

“तारीख राहिली,” ते म्हणाले.

माफीनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी ती तराजूच्या खोलीत झाडत होती. वजनांच्या पेटीमागे पाचवी बाटली उभी होती. टेबले चार होती, बाटल्या चारच लागल्या. राखीव ठेवलेली ही एक कोणाच्या लक्षातच राहिली नव्हती. पट्टी शाबूत. सही शाबूत. ‘तपासले’ शाबूत. सील फुटल्यावर पाणी बदलले, असे सरांचे म्हणणे होते. आणि हिचे सील फुटलेच नव्हते.

तिने ती तेव्हाच का दाखवली नाही, हा प्रश्न निंबाने पुढे अनेकदा विचारला. त्याचे उत्तर तिने त्याच संध्याकाळी स्वतःशी ठरवून टाकले होते. बाटली एकदाच उघडता येते. ती प्राचार्यांच्या खोलीत गेली असती, दार लागले असते, पाणी मोरीत गेले असते आणि मग तिच्याजवळ सांगण्यापुरते शब्द उरले असते. शब्दांची किंमत तिने पाहिली होती. तिला भरलेले सभागृह हवे होते. त्यात ती अडतीस मुले हवी होती. आणि पट्टी सरांनीच, आपल्या हाताने, हसत फोडायला हवी होती.

मार्चमध्ये नवे वेटोळे बसले. वैजयंतीने पहिल्याच दिवशी ऊर्ध्वपातित पाण्याने तशीच एक बाटली भरली, त्या पाच बाटल्यांच्याच पेटीतली, त्याच काचेची, आणि बुचावर पट्टी लावून ग्रंथपाल शोभा यांच्याकडे सहीसाठी नेली. चौकशीत साक्षीला बसवलेल्या शोभा गप्प राहिल्या होत्या. आताही त्यांनी काही विचारले नाही. थेंब टाकून पाणी पाहिले, सही केली, तारीख घातली आणि एवढेच म्हणाल्या, “जपून ठेव.” व्हिनेगरमधला एखादाच कण फुटावा, तेवढ्या त्या फुटल्या.

तिची नोकरी पक्की झाली, पण सहायकाचे पद तिच्यापर्यंत दोनदा येऊन माफीनाम्याच्या नुसत्या उल्लेखाने परत गेले. त्याहून लागणारी गोष्ट निराळी होती. मुले तिला ‘नळवाली बाई’ म्हणू लागली. २०११ ची मुले गेली, नाव मागे राहिले. पुढची चौदा वर्षे प्रत्येक तुकडीने ते आधीच्या तुकडीकडून घेतले आणि कुणालाही त्याचे कारण ठाऊक नव्हते. सर मात्र ऐकून हसत. पुढे ते प्राचार्य झाले. वैजयंती त्यांचा चहा गाळून देई, खेळाच्या दिवशी चंचुपात्रे मांडी आणि घरी आल्यावर कोठीमागचे फडके उघडून पट्टीची कड निघाली नाही ना, हे पाही.

“बाटलीले इतकं जपू राहिली,” निंबा म्हणे, “मी तापाने फणफणलो तवा कपाळावर हात ठेवाले आली नव्हती.”

“तुमच्यावर सरांची सही नाही,” ती म्हणे.

एकदा त्याने गंभीरपणे विचारले की हे सोडून देता येणार नाही का. माणूस म्हातारा होईल, विसरून जाईल. वैजयंतीने उत्तर दिले की तो विसरलाच आहे, म्हणून तर. ज्याने केले त्याला आठवतही नाही आणि जिच्यावर झाले तिला तारखेसकट आठवते, ही वाटणी तिला मान्य नव्हती.

जुलै २०२५ च्या अखेरीस सर निवृत्त होणार होते. समारंभाची जबाबदारी हिमानी या नव्या शिक्षिकेवर आली. ती प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, “वैजयंती मॅम, सर का फेवरेट डेमो रखते हैं ना? एकदम मस्त एंडिंग होईल.”

वैजयंती म्हणाली की अवश्य ठेवू या, मांडणी ती स्वतः करील. आणि बोलावायचेच तर २०११ च्या मुलांना बोलवावे; ती सरांच्या फार लक्षात राहिलेली मुले. हिमानीला कल्पना आवडली. त्या वर्षीचा मोहित आता धूलकोटला केळीच्या बागांना ठिबकच्या नळ्या पुरवतो; त्याच्याकडे सर्वांचे नंबर होते. अडतीसांपैकी एकोणीस जण आले.

सभागृहाच्या मंचावर टेबल होते, टेबलावर चार चंचुपात्रे. तीन भरलेली होती: मीठ, व्हिनेगर, साखर. साखरेसाठी वैजयंतीने सकाळी ताजे पाणी ऊर्ध्वपातित करून घेतले होते आणि त्यावर कोरी चाचणीही घेतली होती. तिला एकही खोटी गोष्ट या टेबलावर नको होती. चौथे पात्र रिकामे होते आणि त्याच्याशेजारी बाटली होती.

गळ्यात हार घातलेले सर मंचावर आले. वैजयंतीने बाटली त्यांच्या हातात दिली आणि हळू, पण स्पष्ट सांगितले, “सर, ही तुमच्याच सहीने बंद केलेली आहे. जुनी आहे. आधी पाण्यात एक थेंब टाकून बघू या का?”

इतके तिने मुद्दाम देऊ केले होते. हो म्हणाले असते, तर काय करायचे हे तिने ठरवलेले नव्हते. कारण ते हो म्हणणार नाहीत, याची तिला चौदा वर्षे खात्री होती.

“पाण्याची काय परीक्षा घ्यायची, वैजयंतीबाई?” सर म्हणाले.

ती दोन पावले मागे सरली.

सरांनी बाटली उंच धरली. पट्टीवरची सही सभागृहाला दाखवली. आमच्या जमान्यात काम असे व्हायचे, ते म्हणाले. स्वतः तपासायचे, स्वतः बंद करायचे, कोणावर भरवसा ठेवायचा नाही. मग त्यांनी अंगठ्याने पट्टी फाडली. तो कागद फाटल्याचा आवाज वैजयंतीला एवढ्या गर्दीतही ऐकू आला. पाणी चौथ्या पात्रात पडले.

मिठात बल्ब लख्ख पेटला. व्हिनेगरमध्ये तार तांबूस झाली. साखरेत अंधार. प्रत्येक वेळी कांड्या धुऊन, पुसून वैजयंती त्यांच्या हातात देत होती. शेवटच्या पात्रापाशी सर नेहमीप्रमाणे थांबले, मुलांकडे पाहिले आणि पाण्याकडे न पाहता कांड्या बुडवल्या.

“शुद्ध चीज कधी शायनिंग मारत नाही,” ते म्हणाले.

मागच्या रांगेतून कोणीतरी खिदळले. सरांना वाटले, वाक्याला दाद मिळाली. मग हशा पसरला आणि त्यांनी मान वळवली. बल्ब पेटला होता. फार नाही; व्हिनेगरइतकाच, तांबूस. पण पेटला होता.

“हे पाणी डिस्टिल्ड नाही,” सर म्हणाले.

“नाही,” वैजयंती म्हणाली. “कधीच नव्हतं. चिठ्ठीवरची तारीख वाचता का, सर?”

सरांनी चिठ्ठी पाहिली आणि बाटली खाली ठेवली. तेवढ्यात मोहित पुढे आला, त्याने ती उचलली आणि मोठ्याने वाचले: डिस्टिल्ड वॉटर, तपासले, चौदा फेब्रुवारी दोन हजार अकरा. एकोणीस जणांना ती तारीख सांगावी लागली नाही. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची परीक्षा होती.

सर सावरले. ते हुशार होते आणि रसायन जाणत होते. चौदा वर्षांत काचेतून क्षार पाण्यात उतरतात, त्यांनी समजावले. जुन्या बाटलीवरून काही सिद्ध होत नाही. सभागृहात चुळबुळ झाली. हिमानीनेही मान हलवली, कारण बोलणे खरे होते.

वैजयंतीने टेबलाखालून दुसरी बाटली काढली. त्याच पेटीतली, एका महिन्याने धाकटी. पहिल्या रांगेत बसलेल्या, आता निवृत्त झालेल्या शोभांना तिने पट्टी दाखवली. त्यांनी आपली सही ओळखली आणि या वेळी उभे राहून तसे सांगितले. पट्टी हिमानीने फाडली. कांड्या बुडाल्या. अंधार. मग वैजयंतीने दोन परीक्षानळ्यांत दोन्ही बाटल्यांतले पाणी घेतले आणि दोहोंत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब टाकला. एक नळी तशीच राहिली. दुसरीत पांढरे सूत उतरले, दाट झाले, तळाशी बसू लागले.

“काचेतून क्लोराइड उतरत नाही, सर,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

“आपण केबिनमध्ये बसून बोलू.”

“केबिनमध्ये एकदा झालं बोलून.”

मोहित बाटली हातात धरूनच उभा होता. “बाईंना नळवाली म्हणायला आमच्याच बॅचने सुरुवात केली,” तो म्हणाला. “सर, तुम्ही ऐकायचे ना. सबके सामने हसायचे.”

सरांनी हार काढला. त्यांनी वैजयंतीकडे पाहून हात जोडले आणि पुटपुटत काही म्हटले. झाले गेले विसरून जाऊ, असे काहीतरी. जोडलेले हात पाहून कोणालाही कीव आली असती. तिला आली नाही. ती येते का, हे तिने क्षणभर तपासून पाहिले. पाण्याने काही उत्तर दिले नाही.

तिने टेबलावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवले आणि खुर्ची ओढून दिली. म्हणाली, लिहायचे ते मी सांगते. मला पाठ आहे.

सर मंचाच्या पायऱ्यांकडे वळले. पायऱ्यांच्या खाली २०११ ची मुले उभी राहिली होती. कोणी वाट अडवली नव्हती, कितीतरी फोन मात्र वर धरलेले होते. सर परत आले आणि बसले.

तिने सावकाश सांगितले, त्यांनी लिहिले. माझ्या निष्काळजीपणामुळे अडतीस विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. मी आधी दिलेली माहिती खोटी होती. मी सर्वांची क्षमा मागतो. ‘सर्वांची’च्या पुढे त्यांचा हात थांबला, तेव्हा तीही थांबली आणि त्यांनी पुन्हा लिहायला घेतल्यावरच पुढचा शब्द तिने दिला. सही झाली. तीच वळणदार सही, पट्टीवरची. त्यांनी कागद तिच्याकडे केला.

वैजयंतीने चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा एकदा वाचला, मग टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी परत सरकवला.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.

सरांनी पेन उचलले. कोणती, आजची की चिठ्ठीवरची, असे त्यांनी विचारले. त्यांना खरेच कळत नव्हते.

“दोन्ही घाला.”